हरिकेन येतंय म्हणून सांगतात, तरी माणसं घर का सोडत नाहीत?

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिल्टन नावाचं हरिकेन फ्लोरिडाकडे निघालं होतं. माझी मामेबहीण तिथल्या टॅम्पा बे नावाच्या खाडीच्या काठाजवळ राहते, त्यामुळे आमच्या अख्ख्या गोतावळ्याचे तिला फोन चालू होते आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "अगं अजून निघाली नाहीस?" व्हिडिओ कॉलवर दिसत होतं, ती देवघरातल्या मूर्ती टॉवेलात गुंडाळत होती, फोटोंचे अल्बम डिशवॉशरमध्ये कोंबत होती, का तर त्याचं दार घट्ट लागतं, मागे सासूबाई वॉकर धरून उभ्या, आणि खिडकीबाहेर दोन आठवड्यांपूर्वीच्या हेलीन वादळात भिजलेले शेजाऱ्यांचे सोफे नि गाद्या अजून रस्त्याकडेला ढीग करून पडलेल्या. ती म्हणाली, "निघायला हवं हे कळतंय रे, पण कधी निघू आणि जाऊ कुठे ते तूच सांग."

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, कारण दरवर्षी जून ते नोव्हेंबर तिकडे सीझन असतो, टीव्हीवर छपरावर अडकलेली माणसं दिसतात, आणि बातमीखाली कुणीतरी लिहितंच की एवढं सांगूनही थांबले, आता भोगा. हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण थांबणाऱ्या माणसाला भीती वाटत नसते असं अजिबात नाहीये. भीती असते, बऱ्याचदा ती चुकीच्या गोष्टीची असते, आणि ज्याला बरोबर गोष्टीची भीती वाटते त्याच्याकडे निघायची सोय नसते.

आधी दोन-तीन शब्द

हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच. अटलांटिकमध्ये त्याला हरिकेन म्हणतात, जपानकडे टायफून, आपल्याकडे सायक्लोन. त्याला १ ते ५ नंबर म्हणजे कॅटेगरी देतात, ती सॅफिर-सिम्पसन स्केलवर, एक इंजिनिअर आणि एक हवामानतज्ज्ञ अशा दोघांनी बसवलेली. ताशी ११९ किलोमीटरला १ नंबर सुरू होतो आणि २५२ च्या पुढे ५ नंबर. हा नंबर फक्त वाऱ्याचा आहे हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

दुसरा शब्द स्टॉर्म सर्ज. कोकणातल्या माणसाला उधाण म्हटलं की कळतं, पण हे उधाण चंद्रामुळे येत नाही, वाऱ्यामुळे येतं. परातीत पाणी घ्या आणि हाताने एका कडेकडे लोटा, पाणी कडेवर चढतं की नाही? वादळाचा वारा कित्येक तास समुद्र असाच किनाऱ्याकडे लोटत असतो, आणि किनारा उथळ असेल, जसा मेक्सिकोच्या आखाताचा बऱ्याच ठिकाणी आहे, तर त्या पाण्याला खाली जायला जागा नसते, ते वर चढतं. ही एक लाट येऊन गेली असं नसतं, समुद्राची पातळीच उचलली जाते आणि त्या उचललेल्या पातळीवर परत लाटा असतात.

तिसरा शब्द इव्हॅक्युएशन, म्हणजे घर सोडून सुरक्षित जागी जाणं. याची ऑर्डर हवामान खातं देत नाही. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर अंदाज आणि इशारे देतं, घर सोडा हे सांगतात स्थानिक अधिकारी, म्हणजे काउंटीचे लोक, काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं समजा. किनाऱ्याचे ए, बी, सी असे झोन पाडलेले असतात, ए झोनला पाणी सगळ्यात आधी येणार म्हणून तो सगळ्यात आधी रिकामा करायचा.

माणसं वाऱ्याला घाबरतात, जीव पाणी घेतं

अमेरिकेत १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत अशा वादळांमुळे थेट जे मृत्यू झाले त्यातले साधारण ९० टक्के पाण्याने झाले, आणि एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे एकट्या स्टॉर्म सर्जने. वाऱ्याने गेलेले त्यामानाने फार थोडे.

आता आपल्या डोळ्यासमोर वादळ म्हटल्यावर काय येतं ते बघा. वाकलेली माडाची झाडं, उडणारे पत्रे, माईक धरून तिरका उभा राहिलेला रिपोर्टर. सगळं वारा. २०१२ च्या सीझनमध्ये संशोधकांनी वादळ यायच्या आधीच्या तासांमध्ये किनाऱ्यावरच्या लोकांना फोन करून विचारलं होतं की तुम्हाला कशाची भीती वाटते, तर सँडी वादळाच्या वेळीसुद्धा लोक जास्त करून वाऱ्याचंच बोलत होते, जिथे खरा धोका पाण्याचा होता तिथेही. आणि हे एकदा धरलं की पुढचं वागणं अगदी तर्काला धरून आहे. खिडक्यांना प्लायवूड ठोकलं, टॉर्च आणला, पाण्याच्या बाटल्या भरल्या, घर पक्कं आहे, झाली तयारी. वाऱ्यासाठी ही तयारी बरोबरच आहे, पण दारातून छातीभर समुद्र आत येणार असेल तर प्लायवूड काय करणार? एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, आणि ते वाहत येतंय.

तिथले आपत्ती व्यवस्थापनवाले एक साधं सांगतात, वाऱ्यापासून लपा, पाण्यापासून पळा. मला वाटतं बाकी सगळे नकाशे विसरलात तरी चालेल पण हे एवढं कळायला हवं.

नंबर कमी म्हणजे धोका कमी, असंच ना?

नाही. वरवर बरोबर वाटतं म्हणूनच ही समजूत घात करते. १९६९ साली कमील नावाचं ५ नंबरचं हरिकेन मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर आलं, समुद्र साधारण २४ फूट चढला. जी घरं त्यात वाचली ती लोकांच्या मनात कायमची सेफ ठरली. आजोबा नातवाला सांगणार, कमीलमध्ये पाणी या पायरीपर्यंतच आलं होतं बघ. मग २००५ मध्ये कॅटरिना आलं, किनाऱ्याला लागताना ते ३ नंबरचं होतं. ५ नंबर बघितलेल्या माणसाने ३ नंबरला घर का सोडावं? पण कॅटरिना आकाराने प्रचंड मोठं होतं, त्याने कितीतरी मोठ्या पट्ट्यातलं पाणी लोटत आणलं, आणि त्याच मिसिसिपीच्या किनाऱ्यावर पाणी २८ फुटांच्या आसपास चढलं. कमीलची पायरी त्यात कुठच्या कुठे बुडाली. तिथले लोक नंतर म्हणायचे की कमीलने १९६९ पेक्षा २००५ मध्ये जास्त माणसं मारली, म्हणजे कमीलच्या आठवणीने मारली.

स्केलमध्ये पूर्वी नंबरासोबत सर्जच्या उंचीचे आकडेही लिहिलेले असायचे, ते नंतर काढून टाकले कारण नंबर आणि पाणी यांचा तसा सरळ हिशोब लागतच नाही. पण बातमीत अजूनही सगळ्यात मोठ्या अक्षरात नंबरच असतो.

"गेल्या वेळी तर काहीच झालं नाही"

हे वाक्य मला सगळ्यात कळकळीने समजावून सांगावंसं वाटतं कारण ते आपण सगळेच बोलतो. वादळ येणार येणार म्हणाले आणि थोडक्यात चुकलं, तर त्यातून दोन धडे घेता येतात. एक, अरे थोडक्यात वाचलो. दुसरा, बघ, आपल्याकडे काही होत नाही. या थोडक्यात वाचण्यावर अमेरिकेत बराच अभ्यास झालाय आणि त्यातून दिसतं की माणसं बहुतेक वेळा दुसरा धडा घेतात. नशिबाने मिळालेलं ते आपल्या घराच्या, जागेच्या नावावर जमा होतं.

टॅम्पाचंच घ्या. १९२१ नंतर शंभर वर्षं त्या शहरावर मोठं हरिकेन थेट आलं नाही. तिथे लोककथाच आहे की जुन्या आदिवासी लोकांनी बांधलेले मातीचे ढिगारे शहराचं रक्षण करतात. आणि मिल्टनच्या वेळी काय झालं? खाडीत १० ते १५ फूट पाणी चढू शकतं असा इशारा होता, पण वादळ टॅम्पाच्या थोडं दक्षिणेला, सिएस्टा की या बेटावर लागलं. तिकडची वादळं घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात, त्यामुळे केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे होता आणि उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे टॅम्पा बेमध्ये पाणी चढायच्या ऐवजी उलट बाहेर ओढलं गेलं. वादळ थोडं उत्तरेला लागलं असतं तर चित्र उलटं असतं. पण ज्याने फक्त कोरडा रस्ता बघितला त्याला हे दिसत नाही.

आपल्याकडे ३ जून २०२० ला निसर्ग वादळात हेच झालं. मुंबईवर येणार म्हणून सगळे टीव्हीसमोर बसले होते, ते रायगडात लागलं, आणि मुंबईतले लोक संध्याकाळी म्हणाले उगाच घाबरवलं. त्याच संध्याकाळी श्रीवर्धन, दिवेआगरला नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झालेल्या होत्या. पोफळ लावल्यापासून धरायला वर्षं जातात, तिथे विचारा काही झालं का ते.

नकाशावरचा तो कोन

वादळ आलं की टीव्हीवर एक पांढरा, पुढे पुढे रुंद होत जाणारा पट्टा दाखवतात, त्याला कोन म्हणतात, इंग्रजीतला कोन, म्हणजे शंकू. बहुतेक लोक तो चुकीचा वाचतात. वाटतं पट्ट्याच्या आत धोका, बाहेर सेफ. किंवा वादळ असं रुंद होत जाणार. दोन्ही चूक. तो पट्टा फक्त वादळाचं केंद्र कुठून जाईल याचा अंदाज आहे, आणि तोसुद्धा साधारण तीनातल्या दोन वेळा खरा ठरेल असा बेतलेला, म्हणजे तीनातल्या एका वेळी केंद्रसुद्धा पट्ट्याबाहेर जाऊ शकतं.

पालखीचं उदाहरण घ्या. पालखी कुठल्या रस्त्याने जाईल हे पेपरात छापून येतं. पण गर्दी, बंद रस्ते, अडकलेल्या गाड्या फक्त त्याच रस्त्यावर असतात का? आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्या भरून जातात. कोन म्हणजे पालखीचा रस्ता, गर्दीचा नकाशा नाही.

२०२२ मध्ये इयन आलं तेव्हा काही दिवस त्या कोनाची मधली रेघ टॅम्पाच्या बाजूला होती. दक्षिणेचं फोर्ट मायर्स पट्ट्याच्या कडेला. लोकांनी रेघ बघितली आणि म्हटलं, टॅम्पाकडे चाललंय. मग वादळ उजवीकडे सरकत गेलं, काउंटीची ऑर्डर आली २७ सप्टेंबरला सकाळी आणि २८ ला दुपारी वादळ धडकलं, ताशी २४० किलोमीटरचा वारा आणि फोर्ट मायर्स बीचवर १० ते १५ फूट पाणी. फ्लोरिडात त्या वादळाने दीडशेच्या आसपास माणसं गेली, बुडून गेलेल्यांत म्हातारी माणसं खूप होती. ज्याला एका दिवसात औषधं, ऑक्सिजन, गाडी, कुणीतरी सोबत हे सगळं जमवायचंय त्याला २७ ची सकाळ ही उशिराचीच होती.

गाडीत बसायचं आणि निघायचं, त्यात काय एवढं?

गाडी असेल तर. कॅटरिनाच्या वेळी न्यू ऑर्लिन्समधल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या घरांत गाडीच नव्हती. सक्तीची ऑर्डर निघाली २८ ऑगस्टला, वादळ लागलं २९ ला सकाळी. तारीख बघा, महिनाअखेर, ज्यांचं घर १ तारखेच्या चेकवर चालतं त्यांच्याकडे त्या दिवशी पेट्रोलला पैसे नसतात, हॉटेल तर सोडाच. मग बंधारे फुटले आणि शहराचा ८० टक्के भाग पाण्याखाली गेला.

आणि एकदा निघायचं म्हणजे किती खर्च येतो ते मामेबहिणीने मला तोंडी हिशोब करून सांगितलं, चार रात्रीचं हॉटेल, पेट्रोल, बाहेरचं जेवण, सासूबाईंसाठी खालच्या मजल्यावरची खोली, आणि तिच्या ऑफिसला सुट्टी असली तरी शेजारीण तासावर पगार घेते, ती निघाली तर तिचा पगार बुडतो आणि मालकाने परत बोलावलं आणि रस्ते बंद असले तर नोकरीही. ही शेजारीण वादळ चुकलं तरी हे पैसे घालवणार आहे, आणि सीझनमध्ये असं दोन-तीनदा होऊ शकतं. तिने थांबायचं ठरवलं तर तिला अडाणी म्हणणारा मी कोण?

कुत्र्या-मांजरांचंही तसंच. कॅटरिनामध्ये कितीतरी जण प्राण्यांना सोडून यायला तयार नव्हते म्हणून थांबले, शेल्टरमध्ये प्राणी घेत नव्हते. इतकं झालं की २००६ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की इव्हॅक्युएशनच्या प्लॅनमध्ये पाळीव प्राण्यांचा विचार असलाच पाहिजे.

मग सरसकट सगळ्यांनाच जायला सांगा ना

हे करून बघितलंय, म्हणजे करायला न सांगता झालंय. कॅटरिना होऊन तीन-साडेतीन आठवडे झाले होते, प्रत्येकाच्या डोळ्यासमोर छपरावरची माणसं होती, आणि रिटा हे हरिकेन ह्यूस्टनकडे यायला लागलं. पंचवीस लाखांहून जास्त लोक रस्त्यावर आले, त्यात ज्यांच्या घराला पाण्याचा धोकाच नव्हता असेही खूप. याला शॅडो इव्हॅक्युएशन म्हणतात, ज्यांना सांगितलेलं नाही तेही निघतात. एरवी चार तासांचा डॅलसचा रस्ता, लोकांना वीस-वीस तास लागले, पेट्रोल संपलं, भयंकर ऊन, एसी बंद करून माणसं गाडीत बसून होती. डॅलसजवळ वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या बसला आग लागली, २३ जण त्यात गेले. वादळाच्या वाऱ्यापाण्याने थेट गेले त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं या पळापळीत गेली, शंभराच्या आसपास. आणि रिटा ऐनवेळी पूर्वेला वळलं.

बारा वर्षांनी, २०१७ मध्ये, हार्वी आलं तेव्हा ह्यूस्टनच्या महापौरांनी शहर रिकामं करायची ऑर्डर दिली नाही, एवढ्या लोकांना रस्त्यावर आणणं जास्त धोक्याचं म्हणून. मग पावसाने शहर बुडालं आणि त्यांच्यावर टीका झाली. मला वाटतं तो निर्णय समजण्यासारखा होता. पुराचं पाणी रस्त्यावर लाखो गाड्यांना गाठतं हे चित्रही कुणीतरी डोळ्यासमोर आणायला हवं. म्हणूनच झोन असतात, जे खरंच पाण्याच्या वाटेत आहेत त्यांच्यासाठी रस्ता मोकळा राहावा म्हणून बाकीच्यांनी घरी थांबणं हीसुद्धा मदतच आहे.

घाबरवून सांगितलं तर जातील का?

प्रयत्न झालेत. २००८ मध्ये आइक वादळाच्या वेळी टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टनच्या हवामान इशाऱ्यात स्पष्ट लिहिलं होतं की ठराविक भागातल्या एक-दोन मजली घरांत थांबाल तर मृत्यू निश्चित आहे. हार्वीच्या वेळी टेक्सासमधल्या रॉकपोर्टच्या अधिकाऱ्याने सांगितलं, थांबणार असाल तर हातावर मार्करने नाव आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे आपल्या आधारसारखा नंबर, लिहून ठेवा, नंतर ओळख पटावी म्हणून. मिल्टनला टॅम्पाच्या महापौर टीव्हीवर म्हणाल्या, रिकामे करायला सांगितलेल्या झोनमध्ये थांबलात तर मरणार आहात.

यातलं मार्करचं वाक्य मी विसरू शकत नाही, कारण ते आकडा सांगत नाही, ते तुम्हाला तुमचा स्वतःचा हात दाखवतं. पण नुसती भीती दिली आणि वाट दाखवली नाही तर माणूस काय करतो? आपल्याकडे डॉक्टरने रिपोर्ट वाईट आहे म्हटलं आणि पुढे काय करायचं ते सांगितलं नाही तर माणूस फाइल कपाटात ठेवून देतो, तसंच. भीतीबरोबर हे हवं की कुठल्या शाळेत शेल्टर आहे, बस कुठून सुटते, कुत्रं चालतं का.

आणि माणूस एका इशाऱ्यावर निघत नाही. तो शेजाऱ्याच्या दारात गाडी आहे का बघतो, बहिणीला फोन करतो, वॉफल हाउस नावाची खाण्याची चेन तिकडे चोवीस तास चालू असते ती बंद झाली का बघतो, कारण ते बंद म्हणजे प्रकरण गंभीर. वर्षानुवर्षांच्या पाहण्यांत एक गोष्ट परत परत दिसलीये, आपल्याला स्वतःला जायला सांगितलंय हे ज्याला कळतं तो निघायची शक्यता खूप वाढते. मोघम इशारा टीव्हीतच राहतो, दारावर येऊन "ताई, तुमच्या गल्लीत पाणी येणार" म्हणणारा माणूस वेगळा.

ओडिशाला जमलं, मग अमेरिकेला का नाही?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो आणि रास्त आहे. १९९९ च्या सुपर सायक्लोनमध्ये ओडिशात साधारण दहा हजार माणसं गेली, २०१३ च्या फायलिनमध्ये दहा लाखांच्या आसपास लोकांना हलवलं आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. पण तिथे जायचं म्हणजे गावातल्याच किंवा शेजारच्या पक्क्या शेल्टरपर्यंत, कितीतरी जण चालत, आणि सांगायला आलेला माणूस ओळखीचा. फ्लोरिडात बहुतेकांच्या डोक्यात जायचं म्हणजे दुसऱ्या राज्यात, सात-आठ तास गाडी चालवत. खरं तर तिकडचे अधिकारीही आता सांगतात की शेकडो मैल जाऊ नका, पाण्याच्या झोनबाहेर दहा-वीस मैलांवर पक्कं घर बघा, मित्राचं, नातेवाइकाचं, तेवढं पुरतं. हे ऐकल्यावर मामेबहीण एकदम गप्प झाली, कारण ती दोन दिवस अटलांटाचं हॉटेल शोधत होती आणि चाळीस मिनिटांवर, आतल्या उंच भागात, महाराष्ट्र मंडळातलं एक कुटुंब राहत होतं ज्यांच्या घरी ती दर वर्षी गणपतीला जाते.

तिथेच गेली ती. सासूबाई, मूर्ती, पोळ्यांचा डबा सगळं घेऊन. परत आली तर कुंपण पडलेलं, चार दिवस लाइट नाही, पण घरात पाण्याचा थेंब नाही.

पुढच्या जूनमध्ये सीझन सुरू झाला तेव्हा तिचे मिस्टर म्हणाले, "गेल्या वेळी उगाच पळालो, काहीच तर झालं नाही." तिने वाद घातला नाही. त्यांना घेऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली, हेलीनमध्ये ज्यांचं घर बुडालं होतं त्यांच्याकडे. घराच्या आतल्या भिंती कापून नव्या लावल्यात, पण गॅरेजच्या सिमेंटच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ अजून तशीच आहे. तिने त्यांना त्या भिंतीला टेकून उभं केलं आणि फोटो काढून मला पाठवला. रेघ त्यांच्या शर्टाच्या खिशाच्या वर आहे.